रिपोर्ट ६.९, तरी पहाटे आबांना घाम का?

डॉक्टर, नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६८. डायबेटिस चौदा वर्षांपासून. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची शुगर ६.९ आली. आबांनी रिपोर्ट पारावर सगळ्यांना दाखवला. पण आमच्याकडं एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की आबा उसाला पाणी द्यायला जातात. एकदा पहाटे आले ते घामानं चिंब, बोलणं तुटक. दुसऱ्यांदा बांधावरच बसून राहिले, आणायला गेलेल्या मालकांच्या अंगावर धावून गेले, ओळखच पटेना. धरून घरी आणलं, मशीनवर ५८. साखरेचा चहा दिला, कंदी पेढा दिला, तरी पाऊण तास घाम थांबेना. मालक म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, दमले असतील. सासूबाई दृष्ट काढतात. गोळी सकाळ-संध्याकाळ एकेक, पाकिटावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज लिहिलंय. बीपीला मेटोप्रोलोल. वहीतले आकडे सोबत पाठवते. यात घाबरण्यासारखं आहे का? आणि हे नक्की मोजायचं कसं?
— एक सून, वाळवा तालुका, जि. सांगली

ताई,

घाबरण्यासारखं आहे. पुढची तारीख तीन महिन्यांनी असेल तर तोवर थांबू नका, याच आठवड्यात वही घेऊन आबांच्या डॉक्टरांकडे जा. आणि आजच फोन करून त्यांना एवढंच सांगा: ‘पहाटे ५८ आली होती, माणूस ओळखत नव्हते, संध्याकाळची गोळी आज द्यायची का, किती द्यायची?’ गोळी तुम्ही आपल्या मनानं बंद करू नका, पण हा फोन उद्यावरही टाकू नका.

आता तो ६.९. रिपोर्ट खोटा नाही. तीन महिन्यांची शुगर म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ६.९ चा हिशेब केला तर ती साधारण १५१ येते. तुम्ही पाठवलेले बारा आकडे मी मांडले: ९२, २१४, ६८, १८७, २३६, ५८, २६२, १७४, ११०, ७४, १९८, १३९. बेरीज १८१२, सरासरी बरोबर १५१. म्हणजे प्रयोगशाळा आणि तुमची वही एकच गोष्ट सांगतायत. फरक एवढाच की वहीत ५८ दिसतो आणि रिपोर्टात तो २६२ च्या आड लपतो. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाची वर्षाची सरासरी पाणीपातळी कुणी सांगितली तर तिच्यात २०१९ च्या ऑगस्टमधले ५७ फूट दिसणार नाहीत आणि मे महिन्यातलं उघडं पात्रही दिसणार नाही.

सरासरी झाली की दुसरा प्रश्न विचारायचा: आकडे तिच्याभोवती किती विखुरलेत? प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करून एकूण आकड्यांपेक्षा एक कमी संख्येनं, म्हणजे इथे अकरानं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. घरात अकरावी-बारावीचं पोर असेल तर मोबाइलवर पाच मिनिटांत करून देईल, शाळेत प्रमाण विचलन म्हणून शिकवतात ते हेच. आबांचं येतं ७०. त्याला सरासरीनं, १५१ नं, भागून शंभरानं गुणलं की साधारण ४६ टक्के. हा टक्का ३६ किंवा त्याच्या आत असला तर साखर स्थिर मानतात. त्याच्या वर गेला तर चढउतार जास्त, आणि चढउतार जास्त असलेल्या माणसाची साखर खाली घसरण्याची भीतीही जास्त. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांसाठी काही तज्ज्ञ ३३ चीच रेघ धरतात. आता खरं सांगायचं तर ही ३६ ची रेघ दंडावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या हजारभर नोंदींवरून ठरली आहे, बारा टोचण्यांवरून नव्हे. पण ४६ हा आकडा काठावरचा नाही. आणखी शंभर नोंदी घेतल्या तरी चित्र फार पालटेल असं मला वाटत नाही.

या हिशेबातही एक खोट आहे. त्याला ५८ आणि २६२ यांत भेद कळत नाही, सरासरीपासून लांब असणं एवढंच तो बघतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात बोरिस कोवाचेव्ह या गणितज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमकी हीच अडचण धरली. मशीनची साखर २० पासून ६०० पर्यंत जाते, पण माणसाला हवी असलेली पातळी मध्यावर नाही, पार खालच्या टोकाला आहे. वर चढायला शेकड्यांनी जागा, खाली घसरायला पन्नास-साठ. म्हणून त्यांनी मोजपट्टीच नव्यानं आखली. तिच्यात शून्य आहे ११२ च्या आसपास आणि खाली जाणारा प्रत्येक आकडा झपाट्यानं जड होत जातो. या पट्टीवर आबांच्या ५८ चं वजन १५ आणि २१४ चं साडेचौदा. तुमच्या घरात २१४ आली की आबांचा गोड चहा बंद होतो, बरोबर? ५८ आली तेव्हा मात्र ‘दमले असतील’.

कमी साखरेची सगळी वजनं मिळवून एकूण नोंदींनी भागली की जो निर्देशांक येतो तो १.१ च्या आत असला तर धोका नगण्य, अडीचपर्यंत कमी, अडीच ते पाच मध्यम आणि पाचाच्या वर मोठा. आबांचा २.६ येतो. त्यातलं जवळपास निम्मं ओझं एकट्या त्या पहाटेच्या ५८ चं. आणि पहाटेच्या नोंदी तुम्ही घेतल्यात किती? वहीत दोनच दिसतात. ज्या वेळी साखर घसरते त्याच वेळी मोजलं जात नाही, त्यामुळे खरा निर्देशांक याहून वर असावा, असा माझा कयास आहे.

एक गोष्ट मात्र आकडेमोडीवर सोडायची नाही. ७० च्या खाली साखर कमी, ५४ च्या खाली गंभीर कमी, हे दोन टप्पे बहुतेकांना माहीत असतात. तिसरा टप्पा आकड्यावर ठरत नाही. माणसाचं भान सुटलं आणि दुसऱ्यानं धरून सावरावं लागलं, की तो तीव्र प्रसंग, मशीन काहीही दाखवो. बांधावर आबांना स्वतःचा मुलगा ओळखता आला नाही आणि त्यांना धरून आणावं लागलं. ही नोंद वहीत नाही. ५८ च्या शेजारी लाल पेनानं लिहा: ‘भान नव्हतं, धरून आणलं.’ डॉक्टरांच्या दृष्टीनं माझ्या वरच्या सगळ्या गणितापेक्षा ही ओळ मोठी आहे.

हे होतंय कशानं? ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या की अर्धी, हे ती विचारत नाही. रात्रीची लाईट असली की माणूस आठला घाईघाईत जेवतो, कधी ‘आल्यावर खातो’ म्हणून तसाच निघतो, आणि पुढचे चार-पाच तास फावडं घेऊन दारं मोडत, चिखलातून पाय उपसत फिरतो. राबणारा स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतो, आणि काम संपल्यावरही शरीराला इन्सुलिन जास्त लागू पडत राहतं, कधी पुढचे चोवीस तास. संध्याकाळची गोळी, अर्धपोटी जेवण आणि रात्रभराची मेहनत एकत्र आली की पहाटे ५८ व्हायला आणखी काही लागत नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. तुमच्या वहीतला ६८ सुद्धा पाण्याच्याच रात्रीनंतरचा आहे ना, तारखा लाईटच्या पाळीशी ताडून बघा.

दोन चौकश्या आणखी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? चौदा वर्षांच्या डायबेटिसमध्ये मूत्रपिंड मंदावलेलं असू शकतं, मग ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो. आणि आबा एकादशी करतात का? गोळी घेऊन उपास ही आपल्या भागातली नेहमीची वाट आहे. दिवसभर पोट रिकामं, मग साबुदाण्याच्या खिचडीनं साखर एकदम वर. एकाच दिवसात दोन्ही टोकं गाठायला हे पुरतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही, पण उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

मेटोप्रोलोलचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. साखर घसरली की छातीत धडधड होते, हात थरथरतात, आणि माणूस सावध होतो. या जातीची बीपीची गोळी त्या खुणा दाबते. घाम मात्र दाबत नाही. म्हणून आबांच्या बाबतीत घाम हीच घंटा समजा. शिवाय साखर वारंवार खाली गेली की शरीर इशारे देणंच कमी करतं, माणूस ५५ वर असूनही ‘मला काय झालंय’ म्हणत बसतो. काही आठवडे एकदाही घसरू दिली नाही तर ही जाणीव बऱ्याच जणांत परत येते.

आता तुमचा चहा आणि पेढा. पाऊण तास घाम का थांबला नाही याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या गोळीच्या नावातच आहे. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडण्याचं काम लांबवते. आपली घरातली साखर, गूळ, पेढा, हे सगळं फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि पेढ्यातला खवा त्याला आणखी उशीर लावतो. साताऱ्याचा कंदी पेढा कितीही चांगला असला तरी या कामाचा नाही! ही गोळी चालू असेपर्यंत आबांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडरच हवी. ग्लुकोज फोडावं लागत नाही. १५ ग्रॅम, म्हणजे तीन भरलेले चहाचे चमचे, अर्ध्या पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजा, ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी-दूध किंवा चपाती द्या. एक पुडी स्वयंपाकघरात, एक आबांच्या बंडीच्या खिशात, एक पाण्याच्या मोटारीच्या पेटीत ठेवा. घरात पावडर नसेल तर साखरपाणी द्यायचंच, काही नसण्यापेक्षा ते बरं, पण त्यावर विसंबू नका.

अशा वेळी माणूस चिडतो, ‘मला डायबेटिस आहे, साखर कशाला देता’ म्हणून पेला ढकलतो. मेंदूला साखर कमी पडलेली असते, तो तुमच्याशी भांडत नसतो. वाद घालू नका, ‘आबा, सरबत घ्या’ म्हणा आणि पेला तोंडाला लावा. गिळता येत नसेल, डोळे फिरवत असतील तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. आणि हे नीट लक्षात घ्या: ग्लिमेपिराइडमुळे घसरलेली साखर एकदा वर आली म्हणजे संपलं असं नाही. गोळीचा अंमल असेपर्यंत ती काही तासांनी परत घसरू शकते. त्या पहाटेसारखा प्रसंग पुन्हा आला तर ग्लुकोज पाजून झाल्यावरही दवाखान्यात न्या.

५८ च्या दिवशीच दहा वाजता २६२ आली, हेही वहीत आहे. चहा, पेढा, नंतर नाश्ता, त्यात शरीरानं बचावासाठी स्वतः सोडलेली साखर, सगळं मिळून ती चढली. नुसती २६२ बघून कुणी गोळी वाढवली तर पुढची पहाट ५८ च्याही खाली जाईल. म्हणून डॉक्टरांना सुटे आकडे सांगायचे नाहीत, वेळेसकट वही द्यायची.

मोजायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. पट्ट्या महाग आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे रोज सात वेळा टोचा असं सांगणार नाही. दोन आठवडे घ्या, त्यात एक लाईटचा आठवडा रात्रीचा येईल असं बघा. तीन दिवस निवडा आणि त्या तीन दिवशी पूर्ण मोजा: उठल्यावर, दोन्ही जेवणांआधी, दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी, निजताना आणि पहाटे तीनला. तिन्हीपैकी किमान एक रात्र पाण्याची असू दे. बाकीच्या दिवशी निजताना आणि उठल्यावर पुरे. शंका आली, घाम आला, स्वभाव बदलला की मात्र वेळ न बघता टोचा. प्रत्येक आकड्यापुढे चार शब्द: काय खाल्लं, रानात होते का, गोळी किती वाजता. मशीनमधली तारीख-वेळ बरोबर आहे का तेही तपासा.

टोचण्याआधी हात धुवा, नुसतं पुसणं नको. बोटाला उसाचा रस किंवा द्राक्षाचा चिकटा असेल तर ७० ची साखर १५० दाखवते आणि आपण गाफील राहतो. मशीनलाही थोडी मोकळीक द्यावी लागते. मान्य निकष असा की १०० च्या खालच्या नोंदींत ९५ टक्के वेळा १५ अंकांच्या आत चूक चालते. म्हणून ७४ दिसली तर ती ६२ ही असू शकते, एवढं धरून चाला.

परवडत असेल तर एकदा दंडावरचा चौदा दिवसांचा सेन्सर लावून घ्या. सांगली-मिरजेत बरेच डॉक्टर लावतात. आबांसारख्या, आधी तीव्र प्रसंग झालेल्या वयस्क माणसासाठी त्यात बघायचं ते असं: ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटंसुद्धा नको. ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ असला तरी चालेल. तरुण, धोका कमी असलेल्या माणसासाठी ही मापं कडक असतात, ७० ते १८० मध्ये सत्तर टक्के वेळ हवा आणि ७० च्या खाली चार टक्क्यांच्या आत चालतो. आबांना तरुणांचं माप लावू नका. सेन्सर रक्तातली साखर बघत नाही, कातडीखालच्या पाण्यातली बघतो, त्यामुळे साखर झपाट्यानं घसरताना तो काही मिनिटं मागे असतो. आणि आबा त्याच दंडावर कुशीला झोपले तर दाबानं खोटी कमी साखर दाखवतो. सेन्सर ‘कमी’ म्हणाला आणि आबा ठणठणीत दिसले तर बोट टोचून खात्री करा.

डॉक्टरांपुढे बसलात की दोन गोष्टी विचारा. ग्लिमेपिराइड कमी करून किंवा काढून, स्वतःहून साखर खाली न पाडणारी गोळी देता येईल का? सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत. कुठली चालेल ते मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून तेच ठरवतील. दुसरं, आबांचं उद्दिष्ट साडेसातच्या आसपास ठेवलं तर? ६८ व्या वर्षी, असे प्रसंग झालेल्या माणसाला सातच्या आत ठेवण्याचा हट्ट मला स्वतःला पटत नाही. हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्या, रक्त कमी असेल तर तीन महिन्यांची शुगर फसवते.

मालकांचं म्हणाल तर त्यांना वहीतला ५८ आणि रिपोर्टातला ६.९ शेजारी ठेवून दाखवा, आणि विचारा की बांधावर धावून आले ते आबा होते का. सासूबाईंना दृष्ट काढू द्या, आधी ग्लुकोज पाजून. आबांना मात्र ‘तुम्ही आता रानात जाऊ नका’ म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि पुढच्या वेळी घाम आला तरी लपवतील. डॉक्टर गोळी बदलेपर्यंत रात्रीच्या पाण्याला मालकांनी जावं किंवा बरोबर जावं. आबा गेलेच तर निघण्याआधी पोटभर जेवण, मोजणी, आणि शंभरच्या खाली असेल तर आधी दूध-भाकरी. मोटारसायकलही याच हिशेबात धरा. नव्वदच्या खाली असतील तर किल्ली देऊ नका. साखर घसरून वर आली असेल तरी पुढचा पाऊण-एक तास गाडी मालकांनीच चालवायची.